बॅटरीतला सेल पारखून घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या वाळवा, पलूस, तासगावच्या भागात टॉर्चला बॅटरी म्हणतात आणि तिच्यात जो घालतात त्याला सेल म्हणतात. आज मला बोलायचे आहे ते या सेलविषयी, आणि त्यातही लिथियम-आयन सेलविषयी. १९९१ साली बाजारात आलेला हा सेल आता डोक्याला बांधायच्या बॅटरीत, फवारणीच्या पंपात आणि सुताराच्या ड्रिलमध्येही बसलेला आहे. त्याच्या नेहमीच्या आकाराचे नावच आकड्यांचे आहे: १८६५०. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचे शून्य त्याच्या गोल आकाराचे. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो.

माझे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, ऊस आणि हळद करतात. तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत त्यांच्या मोटारीला आठवडाभर रात्री बारानंतरची लाईट होती. शेतकऱ्याने पाणी दिवसाउजेडीच पाजावे, त्यासाठी त्याला दिवसाच वीज मिळावी, हे माझे जुने आणि ठाम मत आहे. रात्री उसात पाय घालताना जो जीव मुठीत धरावा लागतो, त्याची किंमत कोणत्याच बिलात दिसत नाही. तर तात्यांजवळ दोन सेल एकामागे एक बसणारी, जाड पत्र्याच्या नळीची एक दणकट बॅटरी होती. त्यातला एक सेल गेला, म्हणून त्यांनी बाजारातून दोन नवे सेल आणले. त्यांच्यावर ठळक अक्षरांत ९९०० एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती वीज साठते त्याचा आकडा, छापलेला होता. दुकानदाराने सांगितले की जुन्यापेक्षा हा तिप्पट चालेल. तात्यांनी एक नवा सेल जुन्या चांगल्या सेलच्या जोडीला घातला आणि दुसरा पाकिटातच राहू दिला.

रात्री अडीचच्या सुमारास ते दारे मोडून पाणी पुढच्या सरीत वळवत होते. उजेड अचानक पिवळा पडला. त्यांनी बॅटरी बंद न करता हलवून पाहिली. थोड्याच वेळात नळी गरम लागू लागली, मग हात टेकवेना इतकी तापली, आणि गोडसर, नाकात बसणारा असा एक वास आला. तात्यांनी विचार केला नाही, हेच त्यांचे नशीब. त्यांनी बॅटरी लांब, पाण्याने भरलेल्या सरीत भिरकावली. ती पडते न पडते तोच मोठा आवाज होऊन मागचे झाकण उडाले. आमच्याकडे उसात बिबट्याचा वावर आहे. अशा रात्री, मोबाईल घरी राहिलेला, केवळ खोऱ्याच्या दांड्याने बांध चाचपत ते घरी आले. वहिनी जाग्याच होत्या. तात्या पहाटेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत, असे वहिनींनी मला नंतर सांगितले.

दुसऱ्या दिवशी ते पाकिटात राहिलेला नवा सेल घेऊन सांगलीला माझ्याकडे आले. मी आयुष्यभर विद्युत विषय शिकवला आहे, तरी सेलची पहिली परीक्षा मी माझ्या उपकरणांवर केली नाही. माझ्याजवळचा एक खात्रीचा सेल बरोबर घेतला आणि आम्ही दोघे ओळखीच्या सराफांकडे गेलो. त्यांनी आधी माझा सेल काट्यावर ठेवला: ४६ ग्रॅम. मग तात्यांचा ठेवला: २९ ग्रॅम. सराफांनी तो पुन्हा उचलून पुन्हा ठेवला, आणि म्हणाले, “मास्तर, हा माल पोकळ आहे.” तात्या बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “हळदीचं हळकुंड मी मोडून बघतो, त्याचा आवाज ऐकतो, मगच भाव बोलतो. आणि ह्याचा नुसता आकडा वाचून पैसे दिले.” घरी येऊन मी तो सेल भरून मोजणीयंत्रावर पूर्ण रिकामा होऊ दिला. ९९०० तर सोडाच, तो ११०० एमएएचही भरला नाही.

घडले होते ते असे. दोन सेल एकामागे एक असतील, तर दोघांतून सारखाच प्रवाह वाहतो. पोकळ सेल लवकर रिकामा झाला, पण भरलेला सेल त्याच्यातून प्रवाह ढकलतच राहिला. रिकाम्या सेलचे ध्रुव उलटले, आत वायू तयार झाला आणि बंद नळीत त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. म्हणून सांगतो: जुना आणि नवा सेल, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांचे सेल, एका बॅटरीत कधीही एकत्र घालू नका. जोडी एकदम घ्यावी, एकदम भरावी आणि एकदमच बदलावी.

आता वजनाचे. १८६५० आकाराचा चांगला लिथियम-आयन सेल साधारण ४४ ते ४९ ग्रॅम भरतो, आणि त्याची क्षमता फार तर ३५०० एमएएचच्या आसपास जाते. ५०००, ६८००, ९९०० हे आकडे खोटे आहेत असे खुशाल समजा.

पण क्षमता म्हणजे हौदात पाणी किती, एवढेच झाले. नळातून ते किती जोराने सोडता येईल, हे अँपिअर सांगतात, आणि तोच आकडा वेष्टनावर बहुधा नसतो. व्होल्टला रोधाने, म्हणजे प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याने, भागले की प्रवाह मिळतो. उपकरणाचा रोध अर्धा ओहम असेल, तर ४.२ व्होल्टला सुमारे ८ अँपिअर लागतात, रोध ०.२ ओहमवर आला, तर २१ अँपिअर. ड्रिलचे पाते लाकडात अडकते तेव्हा मोटरचा रोध असाच अगदी उतरतो. पॅनासोनिकचा ३४०० एमएएचचा एनसीआर१८६५०बी हा उत्तम सेल आहे, पण तो इतका प्रवाह देण्यासाठी बनवलेलाच नाही. सॅमसंगचा २५आर फक्त २५०० एमएएचचा असून २० अँपिअर सलग देऊ शकतो. रोध जितका कमी, तितका सेल जास्त अँपिअरचा हवा. कमी रोधाच्या तारेवर चालणाऱ्या ई-सिगारेटचे स्फोट परदेशांत याच हिशेबाकडे दुर्लक्ष झाल्याने झालेले आहेत. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने तिच्या विक्रीवर बंदी आहे, आणि ती बंदी मला योग्य वाटते.

आणखी एक गोष्ट घराघरात पाहा. या सेलचे संपूर्ण पत्र्याचे अंग ऋण ध्रुव असते, आणि वरच्या धन टोकाभोवती केवळ कागदी किंवा प्लास्टिकची पातळ चकती असते. वरच्या कडेचे वेष्टन फाटले, तर तो सेल वापरू नका. सुटा सेल गाडीच्या किल्ल्यांबरोबर किंवा चिल्लरीबरोबर खिशात ठेवू नका, कारण किल्लीने दोन्ही टोके जोडली की खिशातच आग लागते. त्यासाठी प्लास्टिकची छोटी डबी मिळते.

निकामी झालेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी आणि तो घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. तात्यांनी आता दोन जोड्या ठेवल्या आहेत. एका जोडीवर लाल रंगाचा ठिपका आहे, दुसरीवर पांढरा, आणि कोणता सेल कोणाच्या जोडीचा, हे वहिनींनाही अंधारात सांगता यावे म्हणून पांढऱ्या जोडीवर त्यांनी दोऱ्याचे एक बारीक वेटोळे गुंडाळले आहे.

नमस्कार.