काळीज म्हणजे नेमकं कुठलं?

नमस्कार. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडच्या श्रोत्यांनो, आज अवयवदानावर बोलायचं ठरलंय, त्यातही यकृतावर. तुमच्याकडून आलेले प्रश्न कागदावर लिहून आणलेत. सगळे होतील असं वाटत नाही, कारण मी पहिल्याच शब्दाला अडते.

यकृत. तुमच्या घरात कोण म्हणतं हो यकृत? मटणाच्या दुकानात आपण काळीज मागतो, तेव्हा कागदात बांधून मिळतं ते यकृत. आणि पोरगी सासरी निघाली की आपलं काळीज तुटतं, तेव्हा हात जातो छातीवर. शब्द एक, जागा दोन. यकृत असतं उजव्या बरगड्यांच्या खाली, सव्वा ते दीड किलोचं. डॉक्टर त्याला लिव्हर म्हणतात, पुस्तकात यकृत छापतात, घरात आपण काळीज म्हणतो. या तीन शब्दांच्या घोळात एक बाई आठ दिवस मरायची तयारी करत होती. तेच सांगते आधी.

मी मूळची शहापूरची, नोकरी मात्र पुण्यात झाली. तेरा वर्षं यकृताच्या वॉर्डात सिस्टर होते. एकदा खानापूर तालुक्यातले एक तात्या आले. पोटात पाणी, डोळे हळदीसारखे. या माणसानं आयुष्यात दारूला हात लावला नव्हता, माळकरी. तरी भेटायला येणारा प्रत्येक जण बाहेर जाऊन कुजबुजायचा, 'घेत असणार हो चोरून.' यकृत खराब म्हणजे दारूच, हे आपल्याकडं एकदा डोक्यात बसलंय ते निघत नाही. दारूनं होतंच, पण हिपॅटायटिस बी आणि सीनं होतं, वाढलेल्या वजनातनं आणि साखरेच्या आजारातनं होतं. तात्यांना हिपॅटायटिस बी होता. त्याची लस आता बाळाला जन्मल्याबरोबर टोचतात. टोचून घ्या, चालढकल करू नका.

तर तात्यांना यकृत बदलायला हवं होतं. किडनी गेली तर डायलिसिसवर वर्षं काढता येतात, यकृताला तसलं मशीन नाही. बायकोचा रक्तगट जुळेना. मुलगा लहान. थोरली बहीण पुढं आली, आपण तिला अक्का म्हणू. वय शेहेचाळीस, रक्तगट ओ. तपासण्या झाल्या, सगळं जुळलं. सहीचे कागद आले. तिकडं इंग्रजीत होते, इकडं असते तर कन्नडात असते, अक्काला दोन्ही सारखेच. (पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर आपल्या भागात किती वर्षं भांडण चाललंय, तुम्हाला सांगायला नको. पण ज्या कागदावर पोट फाडायची परवानगी असते तो कुठल्या भाषेत आहे, हे विचारायला कुणी येत नाही. असो.)

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी अक्काचं बीपी बघत होते. माझी बोली ऐकून ती खुलली. म्हणाली, "म्हशीचं दावं शेजारणीच्या हातात देऊन आलो मी." आपल्याकडं बायकाही 'आलो, गेलो' म्हणतात, शेजारच्या पुण्याच्या सिस्टर हसल्या. मी नाही हसले, मला कसलीशी शंका आली. विचारलं, "महिनाभरात तर घरी जाशील की, म्हैस दिलीस कशाला?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, "घरी? काळीज काढून घेतल्यावर घरी कशी जातो मी?"

श्रोते हो, आठ दिवस. आठ दिवस त्या बाईला सगळ्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. भावानं सांगितलं, भाच्यानं सांगितलं, 'आत्याच्या काळजाचा तुकडा घेणार.' तिला वाटलं, बोलायची पद्धत आहे. काळीज म्हणजे छातीतलं, धडधडणारं. भिशीचे पैसे कुणाकडं राहिलेत ते तिनं थोरल्याला सांगून ठेवलं होतं. सुनेला पाटल्या दिल्या होत्या. जांबोटीच्या बाजारातून लेकीला लुगडं घेऊन धाडलं होतं. आणि भावासाठी मरायला एसटीत बसून पुण्याला आली होती, येताना आम्हा सिस्टरांसाठी भाकरी आणि खर्डा बांधून.

मी तिचा हात धरून तिच्या उजव्या बरगडीखाली ठेवला. म्हटलं, अक्का, हे काळीज. ते नव्हे, हे. यातला तुकडा घेतात, सगळं नाही. उसाचं कसं, तोडणी झाली तरी बुडखा राहतो आणि खोडवा येतो? तसं. अगदी तंतोतंत तसं नाही, इथं नवा फुटवा येत नाही, उरलेला भागच वाढून मोठा होतो. पण दोन-तीन महिन्यांत तुझं पुन्हा जवळजवळ पहिल्याएवढं, आणि तात्याला दिलेला तुकडाही त्याच्या अंगात वाढतो.

तिनं सगळं ऐकून घेतलं. आणि मग घाबरली! तोवर अजिबात घाबरली नव्हती. म्हणाली, "म्हंजे मी जित्ती राहणार? मग दुखंल की गं!"

मी डॉक्टरांना बोलावलं. ऑपरेशन पुढं ढकललं, तिला सगळं पुन्हा मराठीत, तिच्या मराठीत सांगितलं, नको असेल तर आत्ताही नाही म्हण, असं सांगितलं. कायद्याच्या नियमातच आहे, देणारी बाई असेल तर जास्त काळजी घ्या, तिची स्वतःची संमती रुग्णाखेरीज दुसऱ्या माणसाकडून पडताळून घ्या. तो नियम उगीच नाही. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत आपल्या देशात बायकाच जास्त. तेरा वर्षांत बायकोला तुकडा द्यायला आलेले नवरे मी बोटांवर मोजले. अक्कानं दुखण्याबद्दल चार प्रश्न विचारले आणि हो म्हणाली.

बघा, वेळ निम्म्याहून जास्त गेला. आता भरभर.

जिवंत माणूस कुणाला देऊ शकतो? नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. बाहेरच्याला द्यायचं तर समितीची परवानगी लागते. पैसे घेऊन देणं-घेणं गुन्हा, कायदा 1994 चा आहे, 2011 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा दहा वर्षांपर्यंत आणि दंड एक कोटीपर्यंत.

मोठ्याचा तुकडा लहान मुलाला चालतो का? चालतो. 1998 साली दिल्लीत दोन वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलाला वडिलांनी यकृताचा भाग दिला. तो मुलगा पुढं डॉक्टर झाला.

'आमचे आबा घरी वारले, त्यांचं काळीज देता आलं असतं का?' नाही. घरी मृत्यू झाला तर डोळे देता येतात, सहा तासांच्या आत. यकृत मिळतं ते ब्रेन डेड माणसाकडून, म्हणजे मेंदू कायमचा थांबलाय आणि व्हेंटिलेटरमुळे हृदय चालू आहे. कोमा वेगळा, कोमातला माणूस जिवंत असतो. ब्रेन डेड ठरवायला चार डॉक्टर लागतात, तपासणी दोनदा, मध्ये किमान सहा तास, आणि अवयव बसवणाऱ्यांपैकी एकही त्यात नसतो. काढलेलं यकृत साधारण बारा तासांत बसवावं लागतं, म्हणून ती पळापळ आणि रस्ते मोकळे करणं.

देहदान आणखी वेगळं. बैलहोंगलच्या डॉ. रामण्णवर यांनी 2010 साली बेळगावात स्वतःच्या वडिलांच्या देहाचं विच्छेदन करून विद्यार्थ्यांना शिकवलं, वडिलांचीच इच्छा होती. ते देहदान. अवयवदानात देह शिवून घरच्यांकडे परत मिळतो, तिरडी, अंत्यविधी सगळं नेहमीसारखं.

'आम्ही कर्नाटकात राहतो, अवयव मिळावा म्हणून महाराष्ट्रात नाव नोंदवता येतं का?' हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय. येतं. रहिवासी दाखल्याची अट 2023 मध्ये केंद्रानं काढायला लावली. वयाची पासष्टची मर्यादाही तेव्हाच गेली. चौकशीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन लिहून घ्या: 1800 11 4770. पुन्हा सांगते, 1800 11 4770.

आणि कार्ड. कार्ड भरलं म्हणजे झालं असं समजू नका. वेळ येते तेव्हा घरच्यांना विचारतात आणि घरच्यांनी नाही म्हटलं तर नाही. कार्ड पाकिटात ठेवा, पण घरी बोला. जेवताना बोला, घरी बोला. बोलताना 'काळीज' म्हणालात तर बोट लावून दाखवा, कुठलं ते.

अक्का? नवव्या दिवशी चालत गेली वॉर्डातून. तात्या अजून रोज गोळ्या घेतात, त्या जन्मभर घ्यायच्या असतात. म्हैस मात्र परत मिळाली नाही. अक्का गावी पोचली तोवर ती व्याली होती, आणि शेजारीण म्हणाली, दिलेलं दान परत मागतात होय? दर दिवाळीला अक्काचा फोन येतो. भावाचं ठीक आहे म्हणते, आणि मग अर्धा तास म्हशीचं.

नमस्कार.