केळीच्या खोक्यात जोखीम कोणाची?

मंडळी, विकसनशील देशांत खासगी उद्योगाची भूमिका कशी बदलते आहे, हा आजचा विषय. ऐकायला तो दिल्ली-मुंबईचा वाटतो, पण जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या केळीबागेत हा बदल हाताला लागतो. म्हणून तिथूनच बोलू.

१९४५ साली अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली. त्या काळातल्या कारखानदाराचं शेताशी नातं बाजारापुरतं होतं. माल घेतला, पैसे दिले, व्यवहार संपला. १९५१च्या कायद्यानं उद्योगाला परवाना लागू लागला, १९९१ नंतर बहुतेक उद्योगांचा तो सुटला. पण आपल्याकडे उद्योग बांधावर आला तो ठिबक आणि टिश्यू कल्चरच्या, म्हणजे प्रयोगशाळेत तयार केलेल्या रोपांबरोबर. नळी कंपनीची, अनुदान सरकारचं, विहीर शेतकऱ्याची. या तिहेरी मेळातून खानदेशची केळी उभी राहिली आणि त्याचं श्रेय उद्योगाला मोकळेपणानं द्यायला हवं.

आता निर्यातदार तर थेट घडापर्यंत पोहोचला आहे. केळफूल वेळेवर मोडा, खालच्या फण्या काढून आठ-नऊच ठेवा, घडाला स्कर्टिंग बॅग, म्हणजे संरक्षक पिशवी घाला, हे तो सांगतो. कापणी साधारण ७५ ते ८० टक्के पक्वतेला. जाडी कॅलिपरनं मोजायची, घड गादीवरून वाहायचा, फण्या सुटल्या की तुरटीच्या पाण्यात सोडायच्या. तसं केलं नाही तर चीक सालीवर वाळतो आणि काळा डाग पडतो. मग १३ किलोचं खोकं, आत पिशवी, पिशवीतली हवा ओढून घेतलेली.

यापुढचा टप्पा फार नाजूक. खोकी आधी प्रीकूलिंगच्या खोलीत १३-१४ अंशांवर आणावी लागतात. मे महिन्यात भर दुपारी, पारा ४४ वर असताना भरलेली खोकी तशीच कंटेनरमध्ये लोटली, तर माल गेलाच म्हणून समजा. रीफर, म्हणजे शीत कंटेनर आतली थंडी टिकवतो. गरात मुरलेली उष्णता ओढून काढायची ताकद त्याच्यात नसते. मग एखादी फणी वाटेत पिकते, तिचा इथिलीन वायू शेजारच्या खोक्यांना पिकवतो आणि बंदरावर वीस टनांचा वांधा होतो. उलट १३ अंशांच्या खाली गेलं, तर साल धुरकट पडते आणि केळी नीट पिकत नाही.

इथे खरा प्रश्न येतो. खालच्या दोन फण्या शेतकऱ्यानं निर्यातदाराच्या सांगण्यावरून काढल्या. पिशवीचा, मजुरीचा खर्च त्याचाच. कापणीच्या आठवड्यात परदेशातला भाव पडला आणि गाडी आलीच नाही, तर? केळी थांबत नाही. ती स्थानिक व्यापाऱ्याला द्यावी लागते, तो वजनावर घेतो, आणि वजन तर आपण आधीच उतरवलेलं असतं. म्हणजे उद्योगानं शेतातला निर्णय घेतला, पण त्याची जोखीम शेतातच सोडली. माझ्या मते बदललेल्या भूमिकेतली सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

म्हणून करार तोंडी नको. भाव कुठल्या बाजाराच्या कुठल्या दिवसाच्या भावावर धरणार? नवती, कांदेबाग, पिलबाग या बाजारातल्या केळीच्या वर्गांपैकी कोणत्याचा? वजन बागेत की पॅकहाउसवर, दांडा वजा करून की धरून? छाटलेल्या फण्या कोणाच्या? ठरल्या दिवशी गाडी आली नाही, तर क्विंटलमागे भरपाई किती? पैसे किती दिवसांत? एवढं एका कागदावर बसतं.

रोपांचंही तेच. टिश्यू कल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन पद्धत २००६ पासून आहे. बिलावर बॅच क्रमांक घ्या, प्रमाणपत्राची प्रत मागा. हरण्या हा विषाणूजन्य रोग मात्र लागवडीनंतर मावा किडीमुळेही येतो, म्हणून बागेत किंवा बांधाला काकडीवर्गीय पिकं नकोत. नाहीतर रोप दोषी की मावा, हा वाद कधीच मिटत नाही.

इक्वेडोरकडे पाहा. जगात सर्वाधिक केळी निर्यात करणारा देश, व्यापार खासगी. तरी शेतकऱ्याला मिळणारा खोक्याचा किमान भाव सरकार ठरवतं आणि निर्यातदाराला उत्पादकाशी करार करावा लागतो. तिथेही पळवाटा काढल्या जातात, पण भांडायला हातात कागद असतो.

आपल्याकडे दुसरा रस्ताही मोकळा आहे. दहा उत्पादक एकत्र आले की शेतकरी उत्पादक कंपनी नोंदवता येते. तीही खासगी कंपनीच, फक्त भागधारक बागवाले. तिनं सुरुवातीलाच कंटेनर भरायचा हट्ट धरू नये. आधी एक पॅकिंग शेड, धुण्याचे दोन हौद, वजनकाटा, आपला स्वतःचा कॅलिपर आणि एक प्रीकूलिंग खोली. थंड केलेली खोकी खोलीत असली की आज गाडी आली नाही तरी उद्या दुसऱ्या खरेदीदाराला फोन करता येतो.