ते अंडं, ती अंडी: इटालियन नामांच्या लिंगाविषयी

नमस्कार. इटालियनचे पहिले दोन-चार धडे झालेली बरीच मंडळी आज इथे आहेत, म्हणून प्रस्तावना न करता एका शब्दापासूनच सुरुवात करतो. अंडं.

इटालियनमध्ये अंड्याला ‘उओवो’ म्हणतात. शब्द पुल्लिंगी. ताजं अंडं म्हणजे ‘उओवो फ्रेस्को’. आता दोन अंडी घ्या. शिकलेल्या नियमाप्रमाणे ‘उओवी फ्रेस्की’ व्हायला हवं. तसं होत नाही. होतं ‘उओवा फ्रेस्के’, आणि हे ‘फ्रेस्के’ विशेषणाचं स्त्रीलिंगी अनेकवचन आहे. म्हणजे अंडं एक असेल तर पुल्लिंगी, आणि दोन झाली की स्त्रीलिंगी. इंग्रजीतून लिहिलेली पाठ्यपुस्तकं हा शब्द अपवादांच्या चौकटीत टाकतात आणि पाठ करा म्हणतात. मीही पाठ केला होता. अशा शब्दांची एक यादीच असते आणि ती महिनाभरात विसरायला होते.

पण आपण घरात काय बोलतो ते जरा ऐका. ‘ते अंडं ताजं आहे.’ ‘ती अंडी ताजी आहेत.’ आणि लगेच शेजारी हे वाक्य ठेवा: ‘ती भाजी ताजी आहे.’ एका अंड्याला ‘ते’ आणि ‘ताजं’, अनेक अंड्यांना ‘ती’ आणि ‘ताजी’. भाजीलाही ‘ती’ आणि ‘ताजी’. नपुंसकलिंगी शब्दाचं अनेकवचन स्त्रीलिंगी एकवचनासारखं दिसायला लागणं हे आपल्या तोंडात रोजचं आहे. इटालियनमध्ये जे घडलं त्याचं मूळ नेमकं इथेच आहे. त्याकडे मी परत येतो, कारण आजच्या बोलण्यातला माझा सगळ्यात आवडता भाग तोच आहे. त्याआधी पाया पक्का करू.

इटालियनमध्ये लिंगं दोनच, पुल्लिंग आणि स्त्रीलिंग. बहुतेक ओकारान्त नामं पुल्लिंगी असतात: ‘लीब्रो’ म्हणजे पुस्तक, ‘त्रेनो’ म्हणजे गाडी, ‘वीनो’ म्हणजे वाइन. बहुतेक आकारान्त नामं स्त्रीलिंगी: ‘कासा’ म्हणजे घर, ‘स्कुओला’ म्हणजे शाळा, ‘लूना’ म्हणजे चंद्र. अनेकवचनात ओकारान्ताचा ईकार होतो, ‘लीब्री’. आकारान्ताचा एकार होतो, ‘कासे’.

इथेच मराठी माणसाचा पहिला गोंधळ होतो. आपल्याकडे आंबा, घोडा, दिवा, रस्ता हे सगळे आकारान्त शब्द पुल्लिंगी, आणि त्यांची अनेकवचनं आंबे, घोडे, दिवे, रस्ते. म्हणून ‘कासा-कासे’ ही जोडी कानावर पडली की मन तिला ‘आंबा-आंबे’च्या ओळीत बसवतं आणि जीभ पुढे पुल्लिंगी विशेषण लावून मोकळी होते. वर्गात हे मी सतत ऐकतो. त्यावर माझा उपाय असा, की आंबा-घोडा बाजूला ठेवा आणि शाळा, भाषा, कला, आशा, गंगा, यमुना आठवा. संस्कृतातून जवळजवळ जसेच्या तसे आलेले हे आकारान्त शब्द आपल्याकडे स्त्रीलिंगीच आहेत. ‘स्कुओला’ शिकताना ‘शाळा’ डोक्यात असू द्या, लिंगही तेच आणि शेवटचा स्वरही तोच. मात्र माणसांच्या नावांत सांभाळा. लूका, आंद्रेआ, निकोला ही इटलीत पुरुषांची नावं आहेत.

उरलेली नामं एकारान्त, आणि ती दोन्ही लिंगांत असतात. ‘मारे’, समुद्र, पुल्लिंगी. ‘नोत्ते’, रात्र, स्त्रीलिंगी. ‘फिओरे’, फूल, पुल्लिंगी. ‘कियावे’, किल्ली, स्त्रीलिंगी. ‘लात्ते’ म्हणजे दूध, तो पुल्लिंगी. इटलीत नुसतं ‘लात्ते’ मागितलंत तर कॉफी येणार नाही, दुधाचा ग्लास येईल. या गटात थोडा आधार शेवटाचा आहे: ‘-त्सिओने’नं संपणारे शब्द स्त्रीलिंगी असतात, ‘स्तात्सिओने’ स्टेशन, ‘लेत्सिओने’ धडा. शेवटच्या ‘ता’वर आघात असलेले ‘चित्ता’ म्हणजे शहर, ‘लिबेर्ता’ म्हणजे स्वातंत्र्य, हेही स्त्रीलिंगी, आणि त्यांचं अनेकवचन बदलत नाही. बाकीचे एकारान्त शब्द लिंगासकटच पाठ करावे लागतात, त्याला दुसरी वाट नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. लिंग शब्दाच्या शेवटी नसतं, ते शेजारच्या शब्दात दिसतं. ‘हत्ती’ ईकारान्त आहे म्हणून आपण ‘मोठी हत्ती’ म्हणत नाही, ‘मोठा हत्ती’च म्हणतो. इटालियनमध्ये हात म्हणजे ‘मानो’, शेवट ओकाराचा, पण शब्द स्त्रीलिंगी. म्हणून लहान हात ‘मानो पिक्कोला’. इटालियन जिच्यातून आली त्या लॅटिनमध्ये हा शब्द ‘मानुस’ होता आणि तिथेही तो स्त्रीलिंगीच होता. शेवट घासून ओकार झाला, पण लिंग दोन हजार वर्षं टिकलं. उलट ‘प्रोब्लेमा’ आकारान्त असून पुल्लिंगी: नवा प्रश्न म्हणजे ‘प्रोब्लेमा नुओवो’. ‘सिस्तेमा’, ‘तेमा’, ‘क्लीमा’, ‘प्रोग्राम्मा’ हे सगळे त्याच घरातले. हे शब्द मूळचे ग्रीक, आणि तिथे ते नपुंसकलिंगी होते. इंग्रजी भाषकाला विशेषणानं नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणं हेच मुळात नवं वाटतं. आपल्याला ते उपजत आहे, नवा-नवी-नवं आपण चौथ्या वर्षी चुकत नाही. आणि इटालियनमधलं ‘ग्रांदे’ दोन्ही लिंगांत सारखं राहतं, ते आपल्या ‘सुंदर’सारखं किंवा ‘लाल’सारखं.

म्हणून वहीत नाम एकटं कधी लिहू नका. ‘इल मारे’, ‘ला नोत्ते’, असं उपपदासकट, म्हणजे इंग्रजी ‘द’सारख्या ‘इल’ किंवा ‘ला’सकट लिहा. पण तेवढंही पुरत नाही, कारण स्वरापुढे उपपदाचा स्वर गळून पडतो आणि लिंग झाकलं जातं. ‘लेस्ताते’ म्हणजे उन्हाळा, ‘लिन्वेर्नो’ म्हणजे हिवाळा. दोन्हीच्या सुरुवातीला नुसता ‘ल’. म्हणून विशेषण जोडूनच पाठ करा: ‘लेस्ताते काल्दा’, गरम उन्हाळा, स्त्रीलिंगी, ‘लिन्वेर्नो फ्रेद्दो’, थंड हिवाळा, पुल्लिंगी. आपला उन्हाळा पुल्लिंगी आहे, म्हणून ही जोडी विशेष घोटा. दुसऱ्या भाषेतलं लिंग मराठीवरून ओळखायला जाऊ नये. चंद्र आपल्याकडे ‘तो’, तिकडे ‘ती’. सूर्य दोन्हीकडे ‘तो’, पण तो योगायोग समजा.

‘फोतो’, ‘मोतो’, ‘आउतो’ हे ओकारान्त असून स्त्रीलिंगी का, असं कुणी तरी हमखास विचारतं. ही लांब शब्दांची तोडलेली रूपं आहेत. ‘फोतोग्राफिया’ स्त्रीलिंगी, म्हणून ‘फोतो’ स्त्रीलिंगी. उलट ‘चीनेमा’ पुल्लिंगी, कारण मागे ‘चिनेमातोग्राफो’ आहे. ‘आउतो’ची गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोटारगाडी नवी होती तेव्हा ‘आउतोमोबिले’ हा शब्द कोणी पुल्लिंगी वापरे, कोणी स्त्रीलिंगी. 1920 साली कवी गाब्रिएले दान्नुन्त्सिओ यांनी फियाट या मोटार कंपनीचे जोवान्नी आन्येल्ली यांना पत्र लिहून कौल दिला, की हा शब्द स्त्रीलिंगीच. त्यांची कारणं शृंगारिक होती, मला ती फारशी पटत नाहीत, पण भाषा त्यांनी दाखवलेल्या वाटेनंच गेली. नवी वस्तू आली की लिंग ठरवावं लागतं, हे आपणही करतो. ‘बस’ आणि ‘ट्रेन’ आपण स्त्रीलिंगी केल्या, कारण मनात ‘गाडी’ होती.

माणसांच्या बाबतीत लिंग बहुधा व्यक्तीप्रमाणे चालतं: दंतवैद्य पुरुष असेल तर ‘इल देन्तिस्ता’, स्त्री असेल तर ‘ला देन्तिस्ता’. पण ‘पेर्सोना’, म्हणजे व्यक्ती, हा शब्द कायम स्त्रीलिंगी, मग ती व्यक्ती पुरुष का असेना. आपली ‘व्यक्ती’ही तशीच, ‘ती व्यक्ती’. स्त्रियांच्या पदनामांवर मात्र इटलीत खरा वाद आहे. 1980च्या दशकात भाषाभ्यासक आल्मा साबातीनी यांनी सरकारी भाषेसाठी शिफारशी लिहिल्या, की स्त्री मंत्री असेल तर ‘मिनिस्त्रा’, महापौर असेल तर ‘सिन्दाका’ म्हणावं. व्याकरण याच्या आड येत नाही. तरी 2022 साली जोर्जा मेलोनी पंतप्रधान, म्हणजे तिथल्या भाषेत मंत्रिमंडळाच्या ‘प्रेसिदेन्ते’, झाल्या तेव्हा त्यांच्या कार्यालयानं पुल्लिंगी उपपद लावून ‘इल प्रेसिदेन्ते’ असंच लिहिलं. माझा कल साबातीनींकडे आहे. रूप भाषेत तयार असताना ते वापरायला संकोच कशाला?

आता अंड्याकडे परत येतो. लॅटिनमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगं होती. संस्कृतातही तीन, आणि मराठी, कोकणी, गुजराती यांनी ती तिन्ही सांभाळली. हिंदीनं नपुंसकलिंग सोडलं, तसंच इटालियननंही सोडलं. सोडलं म्हणजे ते शब्द गेले नाहीत, त्यांना दुसरीकडे घर शोधावं लागलं. लॅटिन ‘ओवुम’ म्हणजे अंडं, नपुंसकलिंगी, अनेकवचन ‘ओवा’. एकवचनाचा शेवट पुल्लिंगी शब्दांसारखा झिजला, म्हणून ‘उओवो’ पुल्लिंगात गेलं. अनेकवचनाचा शेवट होता आकार, आणि आकार म्हटलं की इटालियन कानाला स्त्रीलिंग ऐकू येतं. म्हणून ‘उओवा’ स्त्रीलिंगात गेलं. लॅटिनमध्येच ‘इल्ला’ या एका रूपाचे दोन अर्थ होते: ‘ती’ स्त्री, आणि ‘ती’ नपुंसकलिंगी अनेकवचनी. आपलं ‘ती’ अगदी तेच करतं! दोन्ही भाषा या ठिकाणी वेगवेगळ्या वाटांनी पोचल्या. आपल्याकडे जुन्या छापील पुस्तकांत ‘तीं अंडीं’ असा अनुस्वार दिसतो, तो गेल्यावर रूपं एकसारखी झाली. पण आज बोलणाऱ्याच्या कानाला जे जाणवतं ते सारखंच आहे.

हे एकदा कळलं की यादी यादी राहत नाही. ‘ब्राच्चो’ म्हणजे बाहू, अनेकवचन ‘ब्राच्चा’. ओठ ‘लाब्ब्रो’, ‘लाब्ब्रा’. बोट ‘दीतो’, ‘दीता’. चादर ‘लेन्त्सुओलो’, ‘लेन्त्सुओला’. पाहा, बाहू, ओठ, बोटं, चादरी: बहुतेक जोडीनं किंवा संचानं असणाऱ्या वस्तू आहेत. जिथे समूह म्हणून बघायची सवय होती तिथे जुनं अनेकवचन टिकलं. आणि काही ठिकाणी दोन अनेकवचनं झाली. ‘मूरो’ म्हणजे भिंत. घराच्या सुट्या भिंती ‘मूरी’, पुल्लिंगी. पण शहराला वेढणारा तट ‘मूरा’, स्त्रीलिंगी. तस्कनीतल्या लुक्का शहराचा असा तट अजून शाबूत आहे, लोक त्यावरून सायकल चालवतात. त्याला ‘ले मूरा’च म्हणायचं.

कधी हे अनेकवचन स्वतंत्र स्त्रीलिंगी एकवचनच बनून गेलं. लॅटिन ‘फोलियुम’ म्हणजे पान. एकवचनातून आलं ‘फोल्यो’, पुल्लिंगी, कागदाचं पान. अनेकवचनातून आलं ‘फोल्या’, स्त्रीलिंगी, झाडाचं पान. लाकूड या द्रव्याला ‘लेन्यो’, आणि जळाऊ लाकडांना ‘लेन्या’.

फळांपाशी थोडं थांबतो. इटालियनमध्ये फळझाड बहुधा पुल्लिंगी आणि फळ स्त्रीलिंगी: नासपतीचं झाड ‘पेरो’, फळ ‘पेरा’, सफरचंदाचं झाड ‘मेलो’, फळ ‘मेला’. नंतर आलेली केळीसुद्धा या सवयीत बसली, झाड ‘बानानो’, फळ ‘बानाना’. अंजीर ‘फीको’ आणि लिंबू ‘लिमोने’ मात्र फळ असूनही पुल्लिंगी. लॅटिनमध्ये मांडणी वेगळी होती. झाड स्त्रीलिंगी, ‘पिरुस’, फळ नपुंसकलिंगी, ‘पिरुम’, फळं ‘पिरा’. झाडाचा शेवट पुल्लिंगी दिसत होता म्हणून झाड पुल्लिंगात गेलं, फळांचा शेवट आकार होता म्हणून फळ स्त्रीलिंगात गेलं. आता परसात जाऊ या. ‘ती केळ’ म्हणजे झाड, ‘ते केळं’ म्हणजे फळ. झाड स्त्रीलिंगी, फळ नपुंसकलिंगी. रोमन शेतकऱ्याला ही मांडणी ओळखीची वाटली असती.

फिलिप्पो सास्सेत्ती नावाचा फ्लोरेन्सचा व्यापारी 1580च्या दशकात कोचीन आणि गोव्यात राहिला आणि 1588 साली गोव्यातच वारला. त्यानं इथून घरी लिहिलेल्या पत्रांत नोंदवलं, की इथल्या पंडितांच्या भाषेतले काही शब्द आपल्यासारखे आहेत: सहा, सात, आठ, नऊ हे आकडे, देव आणि साप. त्याच्या भाषेत ‘सेई’, ‘सेत्ते’, ‘ओत्तो’, ‘नोवे’, ‘दिओ’, ‘सेर्पे’. यातला ‘सेर्पे’ एकारान्त आहे. लिंग ओळखा पाहू. आपला साप पुल्लिंगी, पण ‘सेर्पे’ स्त्रीलिंगी, ‘ला सेर्पे’. आणि त्याच अर्थाचा ‘सेर्पेन्ते’ पुल्लिंगी. दोन्ही वहीत विशेषणासकट लिहून आणा. पुढच्या वेळी अनेकवचनं करू, आणि अंड्यांच्या शेजारी गुडघे आणि हाडं घेऊ. हाडाचं एक अनेकवचन माणसाच्या सांगाड्यासाठी आहे आणि दुसरं कुत्र्यापुढे टाकलेल्या सुट्या हाडांसाठी. कोणतं कुठलं, ते ‘मूरी’ आणि ‘मूरा’वरून तुम्हीच सांगा.