उभ्या गाडीचे ब्रेक

(पहाट. नाशिक. गंगापूर रोडवरच्या सोसायटीचं पार्किंग. धुळीनं भरलेलं कव्हर ओढलं जातं. खाली पांढरी मारुती ८००.)

बाबांनी ही गाडी १९९६ साली घेतली. आता ती वर्षातनं चार-पाच वेळा बाहेर पडते. किलोमीटर वाढत नाहीत म्हणजे काही झिजतही नाही, असा आमच्या घरचा समज होता.

चैत्राची यात्रा संपली, गर्दी ओसरली, तशी आई म्हणाली, सप्तशृंगी गडावर जाऊन येऊ. दिंडोरी, वणी, नांदुरी, सगळं नीट. दर्शन झालं. उतरताना मात्र नांदुरीचा घाट निम्मा झाला असेल-नसेल, तोच ब्रेकचं पेडल नेहमीपेक्षा खाली गेलं. पुढच्या वळणाला आणखी खाली. आणि मऊ, ओल्या उशीवर पाय ठेवल्यासारखं. मागच्या सीटवर आई प्रसादाचे पुडे बांधत होती. मी काही बोललो नाही. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक थोडा थोडा ओढत खालच्या चहाच्या टपरीपर्यंत गाडी आणली. अर्ध्या तासानं बघतो, तर पेडल पुन्हा जागच्या जागी, जसं काही झालंच नव्हतं.

(नाशिकच्या द्वारका चौकाच्या बाजूची एक गल्ली. गॅरेज. जॅकवर उचललेली गाडी.)

मिस्तरींनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “ब्रेक ऑइल कधी बदललं होतं?”
मी म्हटलं, “कमी झालं की टाकतो की वरून.”
“मग बदललंच नाही.”

नाव ब्रेक ऑइल असलं तरी ते आपल्या ओळखीचं तेल नव्हे. ग्लायकॉलपासून बनवलेला द्रव असतो तो, आणि हवेतली ओल पिणं हा त्याचा स्वभाव. गाडी पळो की उभी राहो, पावसाळे तर येतातच. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं, की हा भरवसा १४० अंशांवर येतो. घाटात ब्रेक सतत दाबलेला. त्यात आमचे पुढचे पॅड झिजून पापडासारखे झालेले, त्यामुळे डिस्कची उष्णता सरळ पिस्टनमधून ऑइलमध्ये. ऑइल उकळलं, वाफ झाली. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय खाली गेला तो त्या वाफेवर. टपरीवर गाडी गार झाली, वाफेचं पुन्हा पाणी झालं, पेडल वर आलं. म्हणूनच असल्या बिघाडाला लोक ‘आपोआप बरा झाला’ म्हणतात आणि पुन्हा घाट चढतात.

(मागचं चाक. ड्रमवर हातोडीचे ठोके.)

मागचा ड्रम गंजानं धरून बसला होता. निघाला तेव्हा आत काळी भुकटी. गॅरेजमधला पोऱ्या हवेचा पाइप घेऊन आला, तर मिस्तरी खेकसले. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांत, ॲस्बेस्टॉस असायचं, ती धूळ छातीत बसते. पाणी शिंपडून ओल्या फडक्यानं पुसायची.

मग अंगठ्याएवढा व्हील सिलिंडर, ऑइलच्या दाबानं लायनर ड्रमवर ढकलणारा. त्याची रबरी टोपी स्क्रूड्रायव्हरनं जरा उचलली, आणि एक थेंब घरंगळून खाली आला. लायनर त्याच ऑइलनं भिजलेला.

“पेट्रोलनं धुऊन चालेल ना?” मी.
“चालेल. हे चाक धरणार नाही, दुसरं धरेल. गाडी कुठं वळायचं ते स्वतःच ठरवेल.”

लायनर दोन्ही चाकांचे, जोडीनंच बदलले. सिलिंडरला नुसतं रबराचं किट टाकून भागेल का, हे बघायला मिस्तरींनी तो उघडून पुसला आणि आतून करंगळीचं नख फिरवलं. नख अडकलं. ऑइलमधल्या पाण्यानं लोखंडाला खड्डे पाडले होते. नवं रबर तिथं महिनाभरही टिकलं नसतं. अख्खा सिलिंडर नवा.

(जुनं ऑइल आणि हवा काढायचं काम. पेडलवर पाय माझा, चाकाजवळ मिस्तरी. तिथल्या निपलला, म्हणजे ऑइल बाहेर सोडायच्या तोटीला, पारदर्शक नळी; तिचं टोक बाटलीत बुडवलेलं.)

“मार... मार... मार... धर!”
“धरलं!”
निपल सैल. नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल, त्यात बुडबुडे.
“सोडू नको!” निपल घट्ट. “आता सोड.”

पाय आधी सोडला तर हवा उलटी आत शिरते. पेडलखाली मिस्तरींनी लाकडाचा ठोकळा ठेवला होता. पेडल दाबलं की सगळ्या चाकांकडे ऑइल ढकलतो तो मास्टर सिलिंडर; त्याचं रबर वर्षानुवर्षं तेवढ्याच पट्ट्यात मागेपुढे होतं. पलीकडचा भाग गंजलेला, खरखरीत. पाय तळाला गेला की रबर त्या गंजावरून घासतं आणि फाटतं. ठोकळा त्यासाठी.

पण मी घाटात पाय तळापर्यंत दाबून मोकळा झालो होतो.

तिसऱ्या दिवशी सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाच्या, सिग्नलला उभा होतो. ब्रेकवर पाय होता आणि पेडल सावकाश, न सांगता, खाली सरकत होतं. बाहेर कुठं गळती नाही, बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळी तेवढीच. मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं होतं. पुन्हा गॅरेज, पुन्हा मार-मार-धर.

(ऑइलच्या बाटलीच्या झाकणाजवळ कागदी चिकटपट्टी. त्यावर पेनानं तारीख.)

तारीख बाबांनी घातली आहे. दोन वर्षांनी ऑइल बदलायचं. रविवारी सकाळी ते गाडी काढून सोमेश्वरपर्यंत जाऊन येतात, वाटेत रिकामा रस्ता बघून दोन-तीनदा ब्रेक मारतात. परत आले की गुडघे धरत खाली वाकतात आणि चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, ते बघतात.