लंगडत उतरला की उतरत लंगडला?

नमस्कार श्रोतेहो.

माणूस इथून तिथं गेला, एवढंच सांगायचं असतं आणि तिथंच आपलं इंग्रजी अवघडतं. व्याकरण चुकत नाही, शब्दही ठाऊक असतात, पण वाक्य पंचनाम्यातलं वाटतं. असं का होतं, ते आज पाहू.

एक मराठी वाक्य घ्या: 'तो लंगडत पायऱ्या उतरला.' यात दोन गोष्टी कळतात. तो कुठे गेला? खाली. ते 'उतरला' या क्रियापदात आलं. कसा गेला? लंगडत. ते क्रियापदाच्या शेजारी बसलं. आता शब्दाला शब्द लावत गेलो तर होतं 'ही डिसेंडेड द स्टेप्स लिम्पिंग'. चूक काढता येणार नाही, पण घरीदारी असं कुणी बोलत नाही. बोलतात ते असं: 'ही लिम्प्ड डाउन द स्टेप्स.' पुन्हा ऐका, लिम्प्ड डाउन. आपल्याकडे शेजारी बसलेलं 'लंगडत' तिथं मुख्य क्रियापद झालं, आणि आपलं मुख्य क्रियापद 'उतरला' आक्रसून नुसतं 'डाउन' उरलं. दोघांनी जागा बदलल्या. आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच.

लिओनार्ड टाल्मी या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञानं १९८५ साली जगातल्या भाषांची वाटणी याच खुणेवरून मांडली. काही भाषा वाट क्रियापदात सांगतात, काही ती क्रियापदाला जोडलेल्या छोट्या शब्दावर सोपवतात. इंग्रजी आणि जर्मन दुसऱ्या गटात येतात, पोर्तुगीज पहिल्या. गोव्यात ज्यांच्या कानावर थोडंफार पोर्तुगीज पडलं आहे त्यांना 'एंत्रार' म्हणजे शिरणं आणि 'सुबीर' म्हणजे चढणं हे माहीत असेल. तिथं 'धावत शिरला' हे आपल्यासारखंच, शिरण्याला मुख्य धरून सांगतात. इंग्रजीतले एंटर, डिसेंड, असेंड हे शब्द मूळचे त्याच लॅटिन घराण्यातले. म्हणून ते अजूनही कडक इस्त्रीचे वाटतात. अहवालात शोभतात, स्वयंपाकघरात 'केम इन' आणि 'वेंट अप' चालतं.

मग मराठीतून इंग्रजीत जाताना करायचं काय? आधी वाक्यातलं वाटेचं क्रियापद शोधा: चढला, उतरला, शिरला, ओलांडला, बाहेर पडला. त्याच्या जागी छोटा शब्द घ्या: अप, डाउन, इन्टू, अक्रॉस, आउट ऑफ. मग 'कसा' हे सांगणारा शब्द उचला आणि त्याचं क्रियापद करा. 'ती रमतगमत पूल ओलांडून गेली' याचं 'शी स्ट्रोल्ड अक्रॉस द ब्रिज'. 'तो झोकांड्या खात बाहेर पडला' याचं 'ही स्टॅगर्ड आउट'. 'तो पाऊल न वाजवता वर गेला' याला 'ही टिपटोड अपस्टेअर्स'. ढांगा टाकत जाणं म्हणजे स्ट्राइड, दमून पाय ओढत जाणं म्हणजे ट्रज. आपल्याकडे ही श्रीमंती तुरुतुरु, झपझप, तरातरा अशा नादाच्या शब्दांत आहे, त्यांच्याकडे क्रियापदांत. मिरामारच्या वाळूवर कुर्ली तुरुतुरु बिळात शिरते, तिला इंग्रजीत 'स्कटल्ड इन्टू इट्स होल' म्हणतात. मात्र चाल कशी होती याला महत्त्व नसेल तर उगाच स्ट्रोल आणि ट्रज पेरू नका. साधं 'वेंट' पुरतं.

या रचनेची खरी गंमत लांब वाटेवर कळते. रायबंदरच्या धक्क्याजवळ एक बाई दुकानातून बाहेर पडली, पायऱ्या उतरली, रस्ता ओलांडला आणि चोडणच्या फेरीबोटीत चढली. मराठीला चार क्रियापदं लागली. इंग्रजीत एकच पुरतं: 'शी वॉक्ड आउट ऑफ द शॉप, डाउन द स्टेप्स, अक्रॉस द रोड अँड ऑन्टू द फेरी.' चालणं एकदाच सांगितलं, पुढे नुसती वाट उलगडत गेली. पर्यटकाला रस्ता समजावणाऱ्यांनी ही युक्ती जरूर उचलावी. 'गो पास्ट द चर्च, ओव्हर द ब्रिज अँड अलाँग द रिव्हर': चर्चवरून पुढे, पुलावरून पलीकडे आणि नदीच्या काठाकाठानं. चर्च आणि पूल दोन्हींना आपण 'वरून' म्हणतो, म्हणून तिथंही 'ओव्हर' तोंडात येतं आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे चर्चच्या छपरावरून उडी मारणारा माणूस येतो.

'खोलीत धावला' हेही फसवं आहे. 'रॅन इन द रूम' म्हटलं तर तो आधीपासून आत होता आणि आतल्या आत धावत होता, असा अर्थ लागू शकतो. बाहेरून आत आला असेल तर इन्टू हवं. मराठीतला एकच 'त' दोन्ही कामं करतो.

आणि आता सर्वांत महाग पडणारी चूक. मोपा विमानतळावर पाहुणे टॅक्सीची वाट पाहत आहेत. चालक पणजीहून निघतो आणि 'मोपाला निघालो' हे कळवायला लिहितो, 'लेफ्ट मोपा'. पाहुणे वाचतात की टॅक्सी मोपा सोडून गेली! हवं होतं 'लेफ्ट फॉर मोपा'. 'मोपाला निघालो' आणि 'मोपाहून निघालो' यातला 'ला' आणि 'हून'चा फरक इंग्रजीत त्या एका 'फॉर'वर उभा आहे.

वाहनांचं थोडक्यात सांगतो. ज्यात उभं राहून चालता येतं तिथं गेट ऑन: कदंब बस, आगगाडी, फेरीबोट. ज्यात वाकून शिरून बसावं लागतं तिथं गेट इन: टॅक्सी, रिक्षा, छोटी होडी. पायलटच्या, म्हणजे गोव्यात भाड्यानं माणसं नेणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या, मोटरसायकलवर टांग टाकून बसतो, म्हणून तिथंही ऑन. उतरताना बसमधून गेट ऑफ, टॅक्सीतून गेट आउट ऑफ. आपलं 'गेट डाउन' हे 'खाली उतरा'ची छाया आहे. भारतात कुणाचं अडत नाही, बाहेरच्या पाहुण्याला मात्र खाली वाका असं वाटू शकतं. रीच आणि एंटर यांच्यापुढे काहीच लावायचं नाही: रीच्ड मडगाव, एंटर्ड द हॉल. 'रिटर्न बॅक'मधलं बॅकही फुकटचं, परतणं रिटर्नमध्ये आलंच.

राहिलं येणं-जाणं. हाक आली की आपण जागेवरून न हलता 'आलो!' म्हणतो, तेही भूतकाळात. तिथं 'कमिंग!' म्हणायचं. निरोप घेताना मराठीत 'जातो' म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून 'येतो' म्हणतो; कोंकणीतही तसंच 'येतां हां'. तिथं 'आय ॲम कमिंग' म्हटलंत तर यजमान तुमच्यासाठी दार उघडं ठेवून बसतील. उठताना त्यांच्याकडे म्हणतात, 'आय ॲम ऑफ.' जाण्याचं क्रियापद त्यात औषधालाही नाही. सगळं काम तो एवढासा 'ऑफ' करतो.