भांडण चौघांचं

[दृश्य : पावसाळी सकाळ. बेल्साइज लेनचा कोपरा. फ्रॉइड यांचा पुतळा, ओला.]

लंडन. बेल्साइज लेन जिथे फिट्झजॉन्स अव्हेन्यूला मिळते, तो हा कोपरा. शिल्पकार ऑस्कर नेमन यांनी घडवलेले, मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड इथे बसलेत. आधी ते जवळच स्विस कॉटेजला होते, 1998 मध्ये त्यांना इथे हलवलं. मागची काँक्रीटची इमारत म्हणजे टॅव्हिस्टॉक सेंटर, मानसोपचाराचं केंद्र. इथे येणारा आधी पुतळ्याचा फोटो काढतो. आम्हीही काढला, तोच तुम्ही बघताय.

आजची गोष्ट मात्र ज्यांचे पुतळे झाले नाहीत त्यांची आहे : नवराबायकोच्या भांडणामागचं मन उलगडणाऱ्यांची. आणि त्यात बायका जास्त.

[दृश्य : जुनी छायाचित्रं. आगगाडीतून उतरणारे सैनिक. फलाटावर एक बाई, तिच्यामागे लपलेलं मूल.]

या मुलाकडे बघा. समोरून येणारा गणवेशातला माणूस आपला बाप आहे, हे त्याला कुणीतरी सांगितलंय.

दुसरं महायुद्ध संपलं. वर्षानुवर्षं लांब राहिलेले नवरे घरी आले आणि ज्या घरात आले, ते त्यांच्यावाचून चालायला शिकलेलं होतं. युद्धाआधी इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला दहा हजारांच्या आतच घटस्फोट व्हायचे. 1947 मध्ये ते सुमारे 60 हजार झाले.

एनिड आयकहोल्झ या समाजकार्यकर्त्या युद्धकाळात नागरिकांना सल्ला देणाऱ्या केंद्रांचं काम बघत होत्या. या केंद्रांत लोक घराच्या, रेशनच्या, कागदपत्रांच्या अडचणी घेऊन यायचे. कागदाचं काम उरकलं की खरी अडचण बाहेर यायची. तिला अर्जाचा नमुना नव्हता. 1948 मध्ये एनिड यांनी सहकाऱ्यांना घेऊन एक छोटा विभाग सुरू केला. नाव ठेवलं फॅमिली डिस्कशन ब्युरो. नावात सल्ला नाही, उपचार नाही. चर्चा आहे.

आणि मदतीला घेतला तो त्या वेळी ब्रिटनच्या मनोविश्लेषणात आकार घेणारा, मन नात्यांतून घडतं असं मानणारा एक विचार : ऑब्जेक्ट रिलेशन्स.

[दृश्य : फळा. खडूने लिहिणारा हात : ‘बाळ आईला शोधतं.’]

ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू, असं डोक्यात आलं की सगळंच बिघडतं. शाळेतलं व्याकरण आठवा : कर्ता, कर्म, क्रियापद. ‘बाळ आईला शोधतं.’ यात आई हे कर्म. इंग्रजीत कर्माला ऑब्जेक्टच म्हणतात. मनाची ओढ ज्याच्याकडे जाते ते माणूस, आणि त्या माणसाची आत उमटलेली, थोडी खरी, थोडी आपणच रंगवलेली छबी, असं दोन्ही या शब्दात येतं. (मराठीत ‘वस्तुसंबंध’ हे भाषांतर ज्याने केलं, त्याने हा फळा बघायला हवा होता.)

[दृश्य : एडिंबराच्या दगडी पायऱ्या. धुकं. एक मुलगा एकटाच चेंडू आपटतोय.]

स्कॉटलंडचं एडिंबरा. हा विचार मांडणाऱ्यांपैकी एक, मनोविश्लेषक रोनाल्ड फेअरबर्न यांनी जवळपास सगळं आयुष्य या गावात काढलं. लंडनच्या वर्तुळापासून लांब, एकट्याने विचार करत. घरात छळ सोसलेली मुलं त्यांच्याकडे यायची. ही मुलं आईबापांविरुद्ध चकार शब्द काढत नाहीत, उलट दोष स्वतःकडे घेतात, हे त्यांनी पाहिलं. त्यामागचा हिशेब त्यांनी असा मांडला : बापच वाईट म्हटला तर जायचं कुठे? त्यापेक्षा मीच वाईट. मी सुधारलो तर घर सुधारेल, एवढी तरी आशा राहते.

मूल मोठं होतं, लग्न करतं. तो जुना हिशेब सोबत नेतं.

[दृश्य : क्लिफ्टन हिल, लंडन. घरावरची गोल निळी पाटी.]

हे मनोविश्लेषक मेलनी क्लाइन यांचं घर. माणूस आपल्यातलं नकोसं काढून दुसऱ्याच्या पदरात टाकतो आणि मग त्या दुसऱ्यातच ते बघत राहतो, ही प्रक्रिया त्यांनी 1946 मध्ये मांडली. नुसती माथी मारण्याची ही गोष्ट नव्हे. पुढे जोडप्यांबरोबर काम करणाऱ्यांच्या लक्षात आलं, की समोरचाही तो पदर पसरून बसलेला असतो.

कसा, ते आता बघू. हे दोघे नट आहेत. खऱ्या जोडप्याच्या सत्रात कॅमेरा नेण्याची परवानगी आम्ही मागितलीच नाही. ती मागायची गोष्टच नाही.

[दृश्य : खोली. तिरप्या मांडलेल्या खुर्च्या. नवऱ्याच्या हातात चहाचा कप.]

त्याचा कप बघा. बशीत ठेवताना एवढासाही आवाज होत नाही. “मला कधी राग येत नाही,” तो सांगतो. “चिडते ती हीच.” आणि ती चिडते. आवाज चढतो, पर्स खाली पडते. तो वाकून पर्स उचलतो, तिच्या शेजारी ठेवतो. ती आणखी भडकते.

त्याच्या लहानपणी बापाचा राग म्हणजे घरात वादळ. तेव्हापासून राग त्याच्या लेखी जिवावरची गोष्ट. म्हणून तो त्याने बायकोकडे ठेवायला दिलाय. तिच्या घरी हळवेपणाची टिंगल व्हायची. तिने आपलं भेदरलेपण याच्याकडे ठेवलंय. तिची धमक बघून तो भाळला होता, त्याचा शांतपणा बघून ती. आज एकमेकांत खुपतं तेही नेमकं हेच. टॅव्हिस्टॉकमध्ये 1949 पासून जोडप्यांवर काम करणारे मनोविकारतज्ज्ञ हेन्री डिक्स यांनी 1967 च्या आपल्या ग्रंथात अशाच संसारांची उकल केली : दोघांचं मिळून जणू एकच व्यक्तिमत्त्व तयार होतं, आणि त्यातल्या वाटण्या ठरून जातात.

[दृश्य : दुसरी खोली. टेबल, फायली, दोन समाजकार्यकर्त्या.]

आता इथे थांबू. आमच्या मते सगळ्यात मोलाचं काम या टेबलावर झालं.

ब्युरोची पद्धत अशी : नवऱ्याशी एक कार्यकर्ती बोलणार, बायकोशी दुसरी. नंतर सगळ्यांनी एकत्र बसून प्रकरणाची चर्चा करायची. आणि या चर्चांत विचित्र काहीतरी घडू लागलं. नवऱ्याची कार्यकर्ती थंडपणे टिपणं वाचून दाखवते. बायकोची कार्यकर्ती चिडते : “तू त्याला पाठीशी घालतेस!” पहिली गप्प बसून फाईल नीट लावते. दुसरीचा आवाज आणखी चढतो.

फाईल लावणारा हा हात जवळून बघा. मघाशी कप असाच ठेवला गेला होता.

भांडण दोघांचं होतं, आता ते चौघांचं झालं. दुसऱ्या एखाद्या कचेरीत साहेबांनी दोघींना समज दिली असती. इथे त्यांनी स्वतःच्या भांडणाला पुरावा मानलं. जोडप्याला शब्दांत सांगता येत नाही ते ऐकणाऱ्याच्या अंगात उतरतं, तेव्हा आधी आपल्याला काय होतंय ते तपासायचं. जोडप्याचं भांडण कार्यकर्त्यांत असं उमटतं, त्या प्रतिबिंबावर जॅनेट मॅटिन्सन यांनी 1975 मध्ये पुस्तकच लिहिलं. कार्यकर्त्यांच्या या चर्चांना मार्गदर्शन करणारे मनोविश्लेषक मायकल बालिंट पुढे एनिड यांचे पती झाले. सामान्य डॉक्टरांसाठी दोघांनी तशाच बैठका चालवल्या. जगभर त्या ‘बालिंट ग्रुप’ म्हणून ओळखल्या जातात. बालिंट म्हटलं की लोकांना मायकल आठवतात.

[दृश्य : तीच खोली. एक लहान खुर्ची आणून ठेवतात.]

कुटुंबाचंही तसंच. 1949 मध्ये मुलांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी एका अडलेल्या प्रकरणाबद्दल लिहिलं. मुलावरचा उपचार पुढे सरकत नव्हता, तेव्हा त्यांनी आईबाप आणि मुलगा यांना एका खोलीत बसवलं. प्रत्येकाने आधी तक्रारींचा पाढा वाचला. मग हळूहळू दिसू लागलं, की तिघंही दुखावलेले आहेत. घरातलं ‘बिघडलेलं’ मूल पुष्कळदा आईबापांनी एकमेकांशी न बोललेलं वाहत असतं.

अमेरिकेत डेव्हिड आणि जिल शार्फ या दांपत्याने 1987 मध्ये कुटुंबांसाठी आणि 1991 मध्ये जोडप्यांसाठी या पद्धतीची पुस्तकं लिहिली. सगळेच संसार टिकले असं नाही. काही जोडपी आपापलं ओझं ओळखून वेगळी झाली.

[दृश्य : संध्याकाळ. खोली रिकामी. नट निघून गेलेत.]

चित्रीकरण संपल्यावर आम्ही कॅमेरा बंद करायला विसरलो. खुर्च्या आवरणारी मुलगी दिसते ती त्यामुळे. दोन मोठ्या खुर्च्या तिने भिंतीला लावल्या. लहान खुर्ची उचलली, इकडे तिकडे बघितलं, आणि परत दोघींच्या मध्ये ठेवली.