एकवीस अधिक अठरा

[दृश्य: निफाड तालुक्यातलं एक घर. ओट्यावर लॅपटॉप, मागे कांदाचाळ. संध्याकाळ.]

स्क्रीनवर आकडे थांबायला तयार नाहीत. २११८२११८२११८... ओळीमागून ओळी. शेजारी बसलेल्या आण्णांनी चष्मा सारखा केला आणि विचारलं, "एवढा हिशोब कुनाचा गं पोरी?"

हिशोब त्यांचाच होता. दोन ट्रॅक्टर उन्हाळ कांदा. एकाचं वजन २१ क्विंटल, दुसऱ्याचं १८. भाव १,४६० रुपये. आण्णांच्या वहीत बेरीज ३९ आणि रक्कम ५६,९४० रुपये. लेकीच्या प्रोग्रॅमने मात्र २१ ला १८ चिकटवून २११८ केले आणि तो आकडा १,४६० वेळा लिहून काढला.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत 'इनपुट' म्हणून जे घ्याल, ते मजकूर म्हणूनच आत येतं. आपल्याला ती संख्या दिसते, त्याच्या लेखी ती नुसती अक्षरं. अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक मांडणं, आणि गुणाकार म्हणजे तितक्या वेळा लिहिणं. म्हणजे मशीनने सांगितलं तेच केलं होतं. सांगण्यात काय राहून गेलं, हे सापडायला तिला दोन संध्याकाळी लागल्या. दुरुस्ती एवढीशी: आलेला मजकूर आधी 'इंट'मधून संख्येत बदलून घ्यायचा. पुढच्या खेपेला वजन आलं २१.४०, आणि 'इंट' अडून बसला, कारण अशा मजकुरातून तो पूर्णांकच घेतो. मग दशांश संख्याही घेणारा 'फ्लोट' शिकावा लागला.

आम्हाला विचाराल तर या मुलीचं करिअर त्या दोन संध्याकाळी सुरू झालं. पगार सुरू व्हायला पुढे दीड वर्ष गेलं.

[दृश्य: नाशिक, कॉलेज रोड. क्लासच्या पाट्या, दुचाक्यांची गर्दी.]

त्याआधी ती इथे येऊन गेली होती. 'शंभर टक्के नोकरी' असं लिहिलेल्या एका क्लासमध्ये कांद्याच्या पैशातून फी भरली. सहा महिन्यांत पाच भाषा शिकवल्या, एकही पुरती नाही. सर फळ्यावर कोड लिहायचे, मुलं उतरवून घ्यायची. शेवटी प्रमाणपत्र मिळालं आणि मुलाखत लागली ती फोनवर तक्रारी ऐकून घेण्याच्या कामाची. ज्या घरात एका हंगामाच्या पट्टीवर वर्ष निघतं, त्या घरातून असे पैसे जातात याची चीड येते. ती इथे बोलून दाखवायलाच हवी.

क्लास वाईटच असतात असं नाही. पण आत शिरण्याआधी एकच पाहा: मुलं तिथे स्वतः टाइप करतात का, आणि चुकल्यावर चूक शोधायला त्यांना वेळ मिळतो का?

सुरुवातीला लागणारं सामान तसं फुकट आहे. पायथन फुकट, संगणक चालवणारी लिनक्स ही प्रणालीही फुकट. भाषा कोणतीही घ्या, जावा, जावास्क्रिप्ट, पायथन, पण एकच घ्या आणि तिच्यात एखादी वस्तू पुरी करा. माहिती साठवायची आणि हवी तशी काढायची तर एसक्यूएल ही त्यासाठीची भाषा शिकावीच लागते, कारण कचेरीतलं बहुतेक काम अखेर कुठल्यातरी टेबलातल्या नोंदींशी येऊन ठेपतं. आणि गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिनक्सच्या कामासाठी ते बनवलं. कोणती ओळ कधी बदलली, कोणी बदलली, सगळं त्यात राहतं. आण्णांच्या वहीसारखंच, फक्त यात खाडाखोडही जपलेली असते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण नवी मुलं इथेच घाबरतात. पायथनचा लालभडक एरर खालून वर वाचायचा. अगदी शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, आणि तिच्या वर कोणत्या ओळीवर बिघडलं ते. पाच मिनिटं शांतपणे वाचलं की निम्मं काम होतं.

आता एआयला विचारलं की कोड आयता मिळतो. घ्या, जरूर घ्या. मात्र त्यातली प्रत्येक ओळ झाकून स्वतःला विचारा: ही नसती तर काय झालं असतं? उत्तर देता आलं नाही, तर तो कोड अजून तुमचा झालेला नाही.

[दृश्य: सातपूर एमआयडीसी. सीएनसी मशीन, पाण्याची धार, धातूचा कीस.]

प्रोग्रॅमिंग म्हटलं की डोळ्यांपुढे हिंजवडी येते. इथे सातपूरला आयटीआय केलेला एक ऑपरेटर सीएनसीसाठी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनसाठी, रोज प्रोग्रॅम लिहितो. जी००, म्हणजे टूल झपाट्याने जागेवर ने. जी०१, म्हणजे ठरलेल्या वेगाने सरळ रेषेत काप. दशांशचिन्ह चुकलं तर टूल जॉबवर, म्हणजे कापायच्या धातूच्या तुकड्यावर, आदळू शकतं. कोड चालवण्याआधी दोनदा वाचायची सवय त्याला इथेच लागली, आणि आता रात्री तो जावास्क्रिप्ट शिकतो आहे. पदवीचं काय? बऱ्याच कंपन्या ती मागतात, हे खरं आहे. त्याने मुक्त विद्यापीठाची वाट धरली आहे. हे विद्यापीठ १९८९ मध्ये स्थापन झालं, गंगापूर धरणाजवळ त्याचं मुख्यालय आहे, आणि नोकरी न सोडता तिथून शिकता येतं.

[दृश्य: मुंबई नाका परिसरातलं एक छोटं ऑफिस. पाच टेबलं.]

निफाडच्या मुलीची मुलाखत इथे झाली. प्रमाणपत्र बाजूला ठेवून समोरच्या ताईंनी विचारलं, "स्वतः बनवलेलं काही आहे का?" तिने कांद्याचा हिशोब दाखवला. वजन, भाव, ट्रॅक्टरभाडं, मजुरी, आणि शेवटी क्विंटलमागे हातात काय उरलं. तेवढ्यावर पाऊण तास बोलणं झालं. २११८ ची गोष्टही निघाली. पहिल्या आठवड्यात काम मिळालं ते एका बिलातल्या तारखेचा घोळ निस्तरण्याचं. तिला त्याचंही अप्रूप वाटलं.

[दृश्य: पुन्हा तेच घर. आण्णा लॅपटॉपसमोर एकटे.]

रविवारी ती घरी आली तेव्हा आण्णा स्वतःच वजनं भरत होते. मराठी कीबोर्ड चालू राहिला होता. त्यांनी एका बोटाने २१.४० देवनागरी आकड्यांत टाइप केलं. ती दारातूनच ओरडली, "आण्णा, थांबा, अडेल ते!"

अडलं नाही. पायथनचा 'फ्लोट' देवनागरी आकडेही ओळखतो, हे तिला ठाऊक नव्हतं. आण्णांनी पुढचं वजन भरायला घेतलं, आणि ती चप्पल न काढताच त्यांच्या मागे उभी राहून बघत राहिली.